भुलीचा वायू: कोणता आणि का?

अँजिओग्राफी म्हटली की पूर्ण भूल, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. खरं तर हृदयाच्या अँजिओग्राफीत मोठ्या माणसाचं सहसा फक्त मनगट किंवा जांघ बधिर करतात. पेशंट जागाच असतो. पण पेशंट लहान मूल असेल किंवा मेंदूतली रक्तवाहिनी दुरुस्त करायची असेल, तर बहुधा पूर्ण भूल देतात. कारण मला एकदम इंजिनिअरिंगचं वाटलं. डीएसए तंत्रात डाय सोडण्याआधीचा एक्स-रे नंतरच्या एक्स-रेमधून वजा करतात. हाडं गायब, फक्त रक्तवाहिन्या उरतात. मध्येच डोकं जरा हललं की वजाबाकी बिघडली!

आता वायू कोणता? तो रक्तात जितका कमी विरघळेल, तितकी भूल लवकर चढते आणि लवकर उतरते. हॉस्टेलची टाकी आठवा: मोठी टाकी भरायला वेळ, रिकामी व्हायलाही वेळ. रक्तात विरघळण्याचा गुणांक आयसोफ्लुरेनचा १.४, सेवोफ्लुरेनचा ०.६५, डेसफ्लुरेनचा ०.४२. मेंदूवरच्या उपचारानंतर पेशंट बोलतो का, हातपाय हलवतो का, हे डॉक्टरांना लगेच बघायचं असतं. म्हणून टाकी छोटी बरी.

मग डेसफ्लुरेनच का नाही? तो श्वासाला झोंबतो, खोकला येतो. म्हणून मुलांना मास्कने झोपवायला सेवोफ्लुरेन. शिवाय डेसफ्लुरेन २२.८ अंशांना उकळतो. वसईच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका! त्याला खास, तापवलेला व्हेपोरायझर लागतो. हवामानालाही तो घातक, म्हणून युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२६ पासून, अगदी गरज असल्याशिवाय, त्याच्या वापरावर बंदी घातली.

नायट्रस ऑक्साइड इथे शक्यतो टाळलेला बरा. कॅथेटरमधून चुकून हवेचा बुडबुडा रक्तात गेला, तर हा वायू त्यात शिरून त्याला फुगवतो. आणि मेंदूतला दाब आधीच वाढलेला असेल तर? सेवो, आयसो, डेस हे तिन्ही वायू जास्त प्रमाणात मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अशा वेळी डॉक्टर शिरेतून प्रोपोफॉल देणं पसंत करतात.

निवड डॉक्टरांचीच, पण एक काम आपलं आहे. घरात कुणाला भूल दिल्यावर अंग ताठ होऊन खूप ताप चढला असेल, तर ते आधी सांगा. हा दोष आनुवंशिक असतो आणि हे तिन्ही वायू तो चाळवू शकतात. आईबाबांना आजच फोन करून विचारा!