पाण्याचे शब्द आणि पाण्याचे गुण : वसईतील खुज्या सिक्लिडांच्या पैदाशीच्या निमित्ताने

मराठी समाज पाण्याची पारख जिभेने व चुलीपाशी करीत आला आहे. पिण्याजोगे ते गोडे, किंचित खारट ते मचूळ, समुद्राचे ते खारे. आणि ज्यात डाळ शिजत नाही व साबणाला फेस येत नाही ते जड. वसईच्या किनारपट्टीत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाड्यांतून विहिरी व बावखले असल्यामुळे या चारही शब्दांचा तेथे उपयोग आहे. व्यवहाराला हे वर्गीकरण पुरते. तथापि काचेच्या टाकीत नाजूक परदेशी माशांची पैदास करू पाहणाऱ्यास ते अपुरे पडते, आणि वाया गेलेल्या अंड्यांचे मूळ पुष्कळदा या अपुरेपणातच असते.

खुज्या सिक्लिडांतील प्रमुख प्रजाती ॲपिस्टोग्रामा ही होय. रीगन या शास्त्रज्ञाने १९१३ साली तिची स्थापना केली. दक्षिण अमेरिकेतील हे मासे बोटाएवढेच असून त्यांतील अनेक जाती, पालापाचोळा कुजून पाणी तांबूस झालेल्या, खनिजे अत्यल्प असलेल्या ओढ्यांत राहतात. मादी कपारीच्या छताला अंडी चिकटवते. टाकीत भोक पाडलेली करवंटी हे काम उत्तम करते. अंडी राखणारी मादी पिवळीधमक होते व नरालाही जवळ येऊ देत नाही. सुमारे २६ अंश सेल्सियसला दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पुढे चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात आणि त्यांस आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्ले खाद्य म्हणून द्यावी लागतात. जड पाण्यातही मोठे मासे महिनोन् महिने जगतात, अंडीही घालतात. परंतु ती पांढरी पडून बुरशी धरतात. दोष मात्र माशांना दिला जातो.

येथे पाण्याचे चार गुण निरनिराळे मोजले पाहिजेत. पहिला खारेपणा, म्हणजे मुख्यतः मिठाचे प्रमाण. दुसरा जडपणा, ज्याला पाठ्यपुस्तके ‘दुष्फेनता’ म्हणतात. तो कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे येतो. तिसरा अल्कता, म्हणजे आम्ल शमविण्याची शक्ती. ती बहुधा बायकार्बोनेटांमुळे असते. चौथा सामू, म्हणजे त्या क्षणाची आम्लता वा अल्कधर्मिता. बोलीत यांपैकी पहिल्या तिघांसाठी ‘क्षार’ हा एकच शब्द चालतो. शास्त्रीय मराठीत क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ. हिंदी पाठ्यपुस्तकांत मात्र क्षार म्हणजे आम्लाचा विरोधी पदार्थ, आणि मराठीतील क्षाराला तेथे लवण म्हणतात. साहजिकच ‘क्षारता’ वाचून एकाला मीठ आठवते, तर दुसऱ्याला अल्कता.

या घोटाळ्याचे परिणाम प्रत्यक्ष असतात. पाणी आम्लधर्मी करण्यासाठी देशी बदामाची वाळलेली पाने टाकतात. अल्कता जास्त असेल तर पाण्याला चहाचा रंग येतो, सामू मात्र जवळजवळ हलत नाही. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटांमुळे आलेली अस्थायी दुष्फेनता जाते. स्थायी दुष्फेनता व मीठ जागीच राहतात. घरगुती जलशुद्धीकरणाबरोबर प्रचारात आलेले टीडीएस-मापक विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या पदार्थांचा एकूण अंदाज देते. त्यांत मीठ किती व कॅल्शियम किती, हे ते सांगू शकत नाही. किनाऱ्यालगत उपसा वाढून समुद्राचे पाणी विहिरीत शिरते तेव्हा हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

यावर कोकणातील सोपा उपाय म्हणजे पाऊस. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर साठविलेल्या पाण्यात खनिजे जवळजवळ नसतात. विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर त्याचा एक भाग व पावसाचे पाच भाग यांच्या मिश्रणाची सुमारे ५० भरते. परंतु अशा पाण्याची अल्कताही अल्प असते. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू हीच अल्कता खर्च करतात, आणि सामू नकळत घसरतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात राहतो. २५ अंशांना सामू ७ असता त्याचा विषारी अंश अर्धा टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून पावसाळी साठा संपला म्हणून एकदम विहिरीचे पाणी ओतणाऱ्याची टाकी एका रात्रीत रिकामी होऊ शकते. बदल थोडाथोडा करावा, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा.

तपमानाचाही येथे संबंध आहे. रोमर व बायसेनहेर्त्झ यांनी १९९६ साली दाखवून दिले की, ॲपिस्टोग्रामाच्या बहुसंख्य जातींत पिल्लांचे लिंग तपमानावर अवलंबून असते. पाणी उष्ण असेल तर नर अधिक निपजतात. चैत्र-वैशाखातील वसईच्या उकाड्यात वाढलेल्या पिलावळीत माद्या कमी का, याचा विचार करताना हे ध्यानी घ्यावे.

ज्याच्या विहिरीचे पाणी मचूळच आहे त्याने पाण्याशी भांडण्यापेक्षा मासा बदलणे शहाणपणाचे. दक्षिण भारत व श्रीलंका येथील खाजणांत व नद्यांत राहणारा ऑरेंज क्रोमाइड हा छोटा सिक्लिड असे पाणी आनंदाने सोसतो. त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मा टिपून खातात, हे दृश्यही अभ्यासनीय आहे. परिभाषेचा काटेकोरपणा हा केवळ कोशकारांचा छंद नव्हे. ‘क्षार’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आधी विचारणाऱ्याची अंडी वाचण्याचा संभव अधिक असतो.