रस्त्यातल्या रुळांचे पुनरागमन

शहराच्या रस्त्यातच बसवलेल्या रुळांवरून धावणाऱ्या प्रवासी वाहनाला ट्राम म्हणतात. रेल्वेला स्वतःची राखीव जमीन असते आणि बसला रूळ नसतात. ट्रामला मात्र रूळही लागतात आणि रस्ताही, आणि तिच्या दीडशे वर्षांहून अधिक काळच्या चढउतारांचे मूळ या दुहेरी गरजेत आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना घर्षण फार कमी होत असल्याने खडबडीत रस्त्यावरच्या गाडीपेक्षा रुळावरची गाडी तेवढ्याच शक्तीत कितीतरी अधिक माणसे ओढू शकते, हे तिचे बलस्थान होय. हे रूळ इतर वाहनांना अडथळा होऊ नयेत म्हणून रस्त्याच्या पातळीत बसवले जातात आणि चाकाची कड फिरण्यासाठी त्यांना खाच ठेवलेली असते.

न्यूयॉर्कमध्ये १८३२ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम धावू लागली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ती सुरू झाली, तेव्हा एक मार्ग कुलाब्याहून आणि दुसरा बोरीबंदराहून पायधुणीला जात असे. परंतु घोडे थकतात, ते दिवसातून अनेकदा बदलावे लागतात आणि त्यांच्या तबेल्यांचा व दाणावैरणीचा खर्च वाहतूक वाढेल तसा वाढतच जातो. ही मर्यादा विजेने ओलांडली. वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८१ साली बर्लिनजवळ विजेची ट्राम चालवली आणि १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतील रिचमंड शहरात डोक्यावरच्या तारेतून वीज घेऊन रुळांवाटे ती परत पाठवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. मुंबईतील विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि १९२० साली तेथे दुमजली ट्रामही आली.

मोटारी वाढल्यावर मात्र ट्रामचे दिवस फिरले. तिला रूळ आणि तारा राखण्याचा खर्च होता, तर बस सर्वांसाठी बांधलेल्या रस्त्यावरून धावत होती. शिवाय मोटारींच्या गर्दीत अडकलेली ट्राम बाजूने वाट काढू शकत नसल्याने तीच कोंडीचे कारण आहे, असे मानले जाऊ लागले. पॅरिसने १९३८ साली, लंडनने १९५२ साली आणि मुंबईने ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदर ते दादर या शेवटच्या फेरीनंतर, ट्रामला निरोप दिला. वस्तुतः एकाच रस्त्यावर शेकडो प्रवाशांचे वाहन आणि एकट्यादुकट्याची मोटार यांपैकी आधी वाट कोणाला द्यायची, हा प्रश्न होता आणि बहुतेक शहरांनी त्याचे उत्तर मोटारीच्या बाजूने दिले.

स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराने वेगळे उत्तर दिले. ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना तेथील मतदारांनी १९६२ साली फेटाळली आणि १९७३ साली भुयारी रेल्वेचा प्रस्तावही नाकारला. त्यानंतर त्या शहराने ट्रामसाठी राखीव मार्गिका आखल्या आणि ट्राम जवळ येताच तिला वाट मोकळी करून देणारी सिग्नल यंत्रणा उभारली. वाहन तेच राहिले, बदलला तो रस्त्यावरचा अग्रक्रम.

फ्रान्समध्ये मार्सेय, लील आणि सेंत-एत्येन या तीन शहरांतील एकेक अवशेष सोडला, तर ट्राम जवळजवळ नामशेष झाली होती. १९७३ साली मोठ्या शहरांना तेथील कंपन्यांकडून त्यांच्या वेतनखर्चाच्या प्रमाणात वाहतूक कर घेण्याचा अधिकार मिळाला आणि स्थानिक संस्थांच्या हाती निश्चित उत्पन्न आले. १९७५ साली सरकारने आठ शहरांना ट्रामचा विचार करण्याचे आवाहन केले. पण नवी ट्राम प्रथम, १९८५ साली, सुरू केली ती त्या यादीत नसलेल्या नांत शहराने. ग्रेनोबलने सार्वमत घेऊन १९८७ साली ट्राम आणली आणि तिचा तळ फलाटाच्या उंचीवर आणल्यामुळे चाकाच्या खुर्चीतील प्रवासी विनासायास आत येऊ लागले. स्ट्रासबर्गमध्ये तर स्वयंचलित भुयारी गाडी की ट्राम हा १९८९ च्या निवडणुकीतला मुख्य वाद ठरला. ट्रामचा पक्ष घेणाऱ्या कातरीन त्रोतमान महापौर झाल्या, शहराचा मध्यवर्ती चौक मोटारींना बंद झाला आणि १९९४ साली ट्राम धावू लागली.

ट्रामच्या या नव्या रूपाला १९७२ पासून अमेरिकेत ‘लाइट रेल’ हे नाव रूढ झाले. येथे ‘लाइट’ म्हणजे वजनाने हलकी असे नव्हे, तर मेट्रोहून कमी क्षमतेची आणि साध्या बांधकामाची व्यवस्था होय. ती गरजेप्रमाणे रस्त्यावरून, स्वतंत्र पट्ट्यातून किंवा बोगद्यातून जाते. कॅनडातील एडमंटनच्या १९७८ सालच्या मार्गाचा शहराच्या मध्याबाहेरचा भाग जमिनीवर होता आणि मध्यवर्ती भाग बोगद्यात. बोर्डो शहराने २००३ साली जुन्या इमारतींसमोर तारा नकोत म्हणून रुळांमधल्या पट्टीतून वीज दिली आणि त्या पट्टीचा केवळ गाडीखालचा भागच विद्युतभारित राहील अशी व्यवस्था केली.

रूळ टाकणे मात्र सोपे नसते. रस्त्याखालच्या जलवाहिन्या, सांडपाण्याचे नळ आणि केबल आधी हलवाव्या लागतात, कारण त्यांच्या दुरुस्तीसाठी पुढे ट्राम थांबवता येत नाही. एडिनबरोची २०११ साली अपेक्षित असलेली ट्राम २०१४ साली सुरू झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

भारत सरकारने २०१९ साली मध्यम शहरांसाठी ‘मेट्रोलाइट’चे निकष जाहीर केले; रस्त्याच्या पातळीवरच्या पण इतर वाहतुकीपासून वेगळ्या काढलेल्या मार्गाची ही कल्पना लाइट रेलचीच आहे. नाशिकसाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात मांडलेली ‘मेट्रो निओ’ ही रबरी टायरांची आणि तारेवरच्या विजेची असल्याने तिला ट्राम म्हणता येत नाही, परंतु तिलाही वेगळ्या काढलेल्या वाटेचीच गरज आहे. अशा व्यवस्थेचे यश गाडीच्या निवडीपेक्षा त्या वाटेवर अधिक अवलंबून असते आणि ती वाट देण्यासाठी कोणत्या तरी वाहनाकडून रस्त्याचा काही भाग काढून घ्यावाच लागतो.