यंत्रमानवाचा हात का लोंबतो?

ट्रकचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाचा पुन्हा ट्रक करता येतो, असे खेळणे तुमच्यापैकी अनेकांनी हाताळले असेल. माझ्या एका विद्यार्थ्याने वर्षभर पैसे साठवून तसे एक विकत घेतले. दुकानात त्याच्यापुढे दोन नमुने होते. "वजन बघा! अस्सल धातू आहे," असे म्हणत दुकानदाराने त्यांतला एक त्याच्या हातावर ठेवला. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव नव्हते, पण त्याने तोच घेतला. महिनाभरात यंत्रमानवाचा तलवार धरलेला हात लोंबू लागला. वर केला की हळूहळू खाली! "सर, मी फसलो का?" असे विचारीत तो माझ्याकडे आला.

ही खेळणी मूळची जपानची. तेथील ताकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' ही मालिका काढली. या व अशाच दुसऱ्या एका मालिकेतील रूप बदलणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ पासून 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकली. त्या पहिल्या खेळण्यांपैकी अनेकांत काही भाग धातूचे होते. त्यामुळे 'जड ते चांगले' असा समज पुष्कळांचा आहे. तो कितपत खरा? चला, तपासून पाहू.

खांद्यावरची झुंज

यंत्रमानवाचा हात खांद्याच्या खिळीवर फिरतो. हात आडवा धरला की त्याचे वजन त्याला खाली फिरवू पाहते. बलाच्या या फिरवण्याच्या सामर्थ्याला आपण परिबल म्हणतो. हाताचे वजन आणि खिळीपासून त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर यांचा गुणाकार म्हणजे हे परिबल. त्याला विरोध करते ते खिळीवरचे घर्षण.

समजा, प्लास्टिकचा हात २० ग्रॅमचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खिळीपासून ३ सेंटिमीटरवर आहे. परिबल झाले ६० ग्रॅम-सेंटिमीटर. आता अगदी त्याच आकाराचा हात जस्ताच्या मिश्रधातूचा केला तर? खेळण्यांसाठी वापरतात त्या एबीएस प्लास्टिकची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०५ ग्रॅम, तर या मिश्रधातूची सुमारे ६.६ ग्रॅम. म्हणजे हात सहापटींहून जड झाला आणि परिबल गेले ३८० च्या आसपास. त्याच्या मुठीत, खिळीपासून ७ सेंटिमीटरवर, ५ ग्रॅमची तलवार दिली की आणखी ३५ ची भर!

घर्षण हवे तेवढे वाढवावे, असे तुम्ही म्हणाल. पण मग हात फिरवताना बोटे दुखतील, किंवा खीळच पिळवटून मोडेल. शिवाय ताणून बसवलेले प्लास्टिक दीर्घकाळात थोडे सैल पडते, खिळीवरचा दाब घटतो आणि घर्षणही घटते. विद्यार्थ्याच्या खेळण्यात नेमके हेच घडले होते.

मोठ्या खेळण्याची अडचण

तेच खेळणे लांबी, रुंदी, उंची सर्व दुप्पट करून बनवले, तर वजन आठपट होते आणि अंतर दुप्पट. म्हणून परिबल सोळापट होते. घर्षणाचे काय? खिळीवरचा दर चौरस सेंटिमीटर दाब तोच राहिला, तर स्पर्शाचे क्षेत्रफळ चौपट व खिळीची त्रिज्या दुप्पट झाल्यामुळे त्याचे परिबल फक्त आठपट होते. मोठ्या यंत्रमानवाचा सांधा अशा रीतीने निम्म्याने दुबळा ठरतो! आकार वाढला की बळ त्या प्रमाणात वाढत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण घेऊन दाखवले होते.

म्हणूनच चांगल्या मोठ्या खेळण्यांच्या खांद्यात व मांडीत दात्यांचे चाक आणि त्यात अडकणारी स्प्रिंगची जीभ असते. याला रॅचेट म्हणतात. सांधा फिरवताना 'कट् कट्' आवाज आला, तर समजा की भार केवळ घर्षणावर सोडलेला नाही.

धातू कोठे हवा?

मग धातू वाईटच का? मुळीच नाही. तो पायात असेल तर गुरुत्वमध्य खाली येतो. खेळणे एका पाटावर उभे करा, ते घसरू नये म्हणून पावलाला लागून एक पातळ पट्टी ठेवा आणि पाट दुसऱ्या बाजूने हळूहळू उचला. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पावलाच्या कडेबाहेर पडली की ते कलंडते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर उंचीवर आणि पावलाची कड त्या रेषेपासून २ सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे ११ अंशांना तोल जातो. पायातल्या धातूमुळे गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटरवर आला, तर तोच कोन १४ अंश होतो. तेव्हा वजन किती यापेक्षा ते कोठे आहे, हे पाहावे.

फटी आणि पांढऱ्या रेषा

आता ट्रक करा आणि फटी पाहा. एकामागून एक जोडलेल्या दहा भागांत प्रत्येकी ०.१ मिलिमीटर चूक असेल आणि सर्व चुका एकाच दिशेच्या असतील, तर शेवटच्या भागाशी १ मिलिमीटरची फट पडते. म्हणून शेवटी बसणारा तुकडा जोर न लावता बसला, तर साचे काटेकोर आहेत असे खुशाल समजा.

वापरलेले खेळणे घेताना खिळींच्या आसपास पांढरट रेषा शोधा. प्लास्टिक मर्यादेपलीकडे वाकले की आत सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि जागा पांढरी दिसते. मोडण्याआधीची ती सूचनाच होय. चकाकीलाही भुलू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर काही वर्षे, चकाकणारे कण मिसळलेले सोनेरी प्लास्टिक काही खेळण्यांत वापरले गेले. पुढे ते इतके ठिसूळ झाले की हात लावताच तुकडे पडू लागले. संग्राहक त्याला 'गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम' म्हणतात. आणि घट्ट सांध्यात शिवणयंत्राचे तेल मुळीच घालू नका. ताणाखाली असलेल्या काही प्लास्टिकना तेलाने तडे जातात.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी काय केले? हिशेब मांडून त्याने हातातली तलवार काढली आणि कोपर दुमडून हात शरीराजवळ आणला. अंतर घटले, परिबल घटले, हात जागेवर राहिला! पैसे काही परत आले नाहीत. पण पुढच्या वेळी दुकानदार "वजन बघा" म्हणाला, तर तो आधी यंत्रमानवाचा हात आडवा धरून मिनिटभर वाट पाहील. तुम्हीही पाहा.