रीबिल्डेबल टँक: स्वस्तातला कोणता आणि का

रीबिल्डेबल टँक हा ई-सिगारेटचा वरचा, द्रव साठवणारा भाग. त्यातली तापणारी तार आणि द्रव शोषणारा कापूस वापरणाऱ्याने स्वतः बसवायचा असतो. खालच्या भागात बॅटरी आणि बटण असते. त्याला 'मॉड' म्हणतात. बटण दाबले की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते आणि हवेच्या झोताबरोबर ती तोंडापर्यंत येते. साध्या टँकमध्ये हीच तार आणि हाच कापूस एका छोट्या धातूच्या नळकांड्यात कारखान्यातूनच बंद होऊन येतो. ही तयार कॉईल एक-दोन आठवड्यांत करपट चव देऊ लागते, मग ती फेकून नवी घ्यायची. रीबिल्डेबल टँकमध्ये फेकले जातात ते वीतभरही न भरणारा तारेचा तुकडा आणि चिमूटभर कापूस.

विजेवर चालणाऱ्या, धूर नसलेल्या सिगारेटचा आराखडा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्ये पेटंटसाठी दाखल केला. १९६५ मध्ये पेटंट मिळाले, पण तिला बाजार मिळाला नाही. आजच्या ई-सिगारेटचा उगम २००३ मधला, चीनमधले फार्मासिस्ट होन लिक यांच्याकडचा. सुरुवातीची उपकरणे दुबळी होती. वाफ कमी, चव फिकी, कॉईल केव्हा मरेल याचा नेम नाही. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी स्वतःच तार वळायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी छोट्या कार्यशाळांनी टँक घडवले. जर्मनीतल्या स्वोएमेस्टोचा 'केफून' हा त्यांतला सर्वांत गाजलेला. तो महाग होता आणि आजही आहे. पुढे शेन्झेनच्या कारखान्यांनी तीच रचना घाऊक प्रमाणात काढली, आणि हौशी लोकांची वस्तू ब्रिटनच्या दुकानांत २० ते ४० पौंडांना मिळू लागली.

भारतातल्या वाचकाने इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सप्टेंबर २०१९ मधला वटहुकूम आणि त्याच वर्षी झालेला कायदा यांनी ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी घातली. कायद्यात पूर्ण उपकरणाबरोबर त्याच्या सुट्या भागांचाही उल्लेख आहे, त्यामुळे 'नुसता टँकच मागवला' ही पळवाट नाही. उत्पादन, आयात, विक्री यांसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी माणसाने सुट्टीत मुंबईला येताना आपला टँक तिकडेच ठेवलेला बरा.

ब्रिटनमध्ये ही वस्तू कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. २०१६ च्या नियमांनुसार टँकमध्ये २ मिलिलिटरहून जास्त द्रव मावता कामा नये, निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरपर्यंतच असावी आणि एका मिलिलिटरमध्ये निकोटिन २० मिलिग्रॅमच्या वर नसावे. १ जून २०२५ पासून तिथे एकदाच वापरून फेकायच्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून पुन्हा भरता येणाऱ्या उपकरणांची चौकशी वाढणे साहजिकच होते. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्याला वेपचा पर्याय सुचवते, मात्र जो सिगारेट ओढतच नाही त्याने वेपच्या वाटेला जाऊ नये, असेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पुढचे सगळे विवेचन त्या पहिल्या माणसापुरते.

आता पैशांचा हिशेब. तयार कॉईल ब्रिटनमध्ये नगाला साधारण दोन ते चार पौंडांना पडते. घरी वळायच्या एका कॉईलला सात-आठ सेंटिमीटर तार लागते, म्हणजे दहा मीटरच्या एका रिळात सव्वाशेच्या वर कॉईल निघतात, आणि रीळ येते काही पौंडांत. कापसाची पिशवी महिनोन् महिने पुरते. टँकची किंमत त्यामुळे लवकर वसूल होते. वसूल न होणारी किंमत वेगळी आहे. तयार कॉईलवर 'इतक्या वॅटपर्यंतच' असे छापलेले असते, ते गणित कारखान्याने केलेले असते. तार स्वतः वळली की ते गणितही स्वतःच्या गळ्यात येते.

हे गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचेच आहे. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते. कॉईलचा रोध १ ओहम असेल तर तिच्यातून ४.२ अँपिअर वाहतात आणि सुमारे १८ वॅट उष्णता निघते. रोध ०.२ ओहमवर आणला की तोच प्रवाह २१ अँपिअर आणि शक्ती ८८ वॅट होते. वेपमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, चांगल्या प्रतीचा असला तरी बहुधा सलग १५ ते २० अँपिअरच झेपवतो. नवशिक्याने अर्ध्या ओहमच्या खाली उतरायचे काहीही कारण नाही.

रोध ठरतो तारेचा धातू, जाडी आणि लांबी यांवर. सुरुवातीला कँथल घ्यावी. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू स्वीडनमधल्या हालस्टाहामार गावात हान्स फॉन कांत्सोव यांनी विकसित केला. तो मुळात औद्योगिक भट्ट्यांसाठी होता, त्यामुळे लालबुंद तापूनही टिकतो. निक्रोम लवकर तापते पण तिचा रोध कमी. स्टेनलेस स्टीलचा त्याहून कमी. २८ गेजची, म्हणजे ०.३२ मिलिमीटर जाडीची कँथल तार अडीच मिलिमीटरच्या सळईवर सहा वेळा गुंडाळली तर कॉईल सुमारे १.१ ओहमची होते. २६ गेजची, ०.४ मिलिमीटर जाड तार तीन मिलिमीटरच्या सळईवर सहा वेढे घेतल्यास साधारण ०.८ ओहम भरते. एकात एक पिळलेल्या, वेणी घातलेल्या शोभिवंत तारा दुकानात लक्ष वेधून घेतात, पण त्या तापायला जास्त वॅट मागतात आणि द्रवही भसाभस पितात.

टँक निवडताना पहिला प्रश्न झुरक्याचा. सिगारेट ओढणारा धूर आधी तोंडात घेतो आणि मग छातीत. या पद्धतीला 'माऊथ टू लंग' म्हणतात. दुसरी पद्धत हुक्क्यासारखी थेट छातीत ओढण्याची, 'डायरेक्ट लंग'. पहिलीत हवेचे छिद्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते, कॉईल १ ओहमच्या आसपास आणि शक्ती १०-१५ वॅट. दुसरीत हवा मोकळी, ढग मोठे, द्रवाचा आणि बॅटरीचा खप कितीतरी जास्त. सिगारेटवरून वळणाऱ्याला पहिलीच ओळखीची वाटते, आणि स्वस्तही तीच पडते. हवेची कडी फिरवून छिद्रे कमी-जास्त करता येतात, पण थेट छातीसाठी घडवलेला टँक कडी आवळून पहिल्या जातीचा होत नाही. त्यातला झुरका नुसता अडकल्यासारखा लागतो.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे डेक, तार बसवायचा चबुतरा. किमतीपेक्षा इथे जास्त लक्ष द्यावे, कारण रोजची झटापट इथेच होते. दोन कॉईलचे डेक दिसायला भारदस्त, पण दोन्ही कॉईल सारख्याच तापायला हव्यात. एक मागे राहिली की सगळेच बिघडते. एका कॉईलचा, मोकळा, चिमट्याला आणि बोटांना जागा देणारा डेक नवशिक्याला बरा. खांबांवरचे स्क्रू कसे आहेत तेही पाहावे. माथा असलेला स्क्रू किंवा वरून दाबणारी पट्टी तार नीट धरते. माथा नसलेला बारीक ॲलन स्क्रू मात्र आवळताना बारीक तार कापून टाकतो, आणि त्याचा खाचा झिजला की डेक निकामी. तारेचे दोन पाय एकाच दिशेने सुटतात की विरुद्ध, यावर वेढे पूर्ण घ्यायचे की अर्धा सोडायचा हे ठरते. टँकबरोबरच्या कागदावर त्याचे चित्र असते. ते फेकून देऊ नये.

हवा खालून येते की वरून, हा पसंतीचा भाग. खालच्या हवेत चव दाट लागते, पण कापूस चुकला की द्रव छिद्रांतून ठिबकतो आणि मॉडवर येतो. वरून हवा घेणारे टँक खिशात आडवे झाले तरी सहसा गळत नाहीत. द्रव वरून भरता येईल असाच टँक घ्यावा. टँकचा व्यास मॉडला साजेसा, बहुधा २२ ते २४ मिलिमीटर असावा. तळाचे आटे जवळपास सगळीकडे '५१०' नावाचे असतात, एका जुन्या मॉडेलच्या नावावरून आलेले, म्हणून कुठलाही टँक कुठल्याही मॉडवर चढतो. महागड्या टँकच्या हुबेहूब नकला निम्म्याहून कमी दरात मिळतात. त्यांपेक्षा त्याच पैशांत नामवंत कारखान्याचा साधा, स्वतःच्या नावाचा टँक घेतलेला चांगला. नकलेचे आटे कसे निघतील आणि सुटी काच कुठे मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

टँक आणल्यावर आधी सगळा उघडून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावा, कारण कारखान्यातल्या यंत्राचे तेल आट्यांत राहिलेले असते. मग कॉईल सळईवर ठेवूनच स्क्रू आवळावेत, सळई काढावी आणि उरलेले पाय बुडाशी कापावेत. कापलेल्या टोकाचा डेकला किंवा त्यावर बसणाऱ्या घुमटाला स्पर्श झाला की शॉर्ट सर्किट. मॉडच्या पडद्यावर रोध पाहावा. अपेक्षित आकड्याच्या आसपास तो स्थिर राहिला पाहिजे. आता आठ-दहा वॅटवर बटण क्षणभर दाबून सोडावे, असे काही वेळा. कॉईल मधोमध आधी लाल होऊन लाली दोन्ही कडांकडे पसरली तर ती बरोबर बसली. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर वेढ्यांवरून सळई हलकेच फिरवावी आणि गार झाल्यावर चिमट्याने ते जवळ घ्यावेत. हे सगळे कापूस घालण्याआधी.

बहुतेकांचे घोडे अडते ते कापसाशी. निरांजनाच्या वातीत तेल चढते तसाच कापसातून द्रव कॉईलपर्यंत पोचतो, फक्त इथे वात जळू द्यायची नसते. न विरंजलेल्या कापसाची पट्टी कॉईलमधून ओढताना हलका अडथळा जाणवावा, पण कॉईल वाकू नये. दोन्ही बाजूंचे शेपूट डेकच्या कडेला कापून, टोके थोडी पिंजून, द्रवाच्या खाचांवर टेकवायचे; कोंबायचे नाही. कापूस कोंबला की द्रव वर चढत नाही, कॉईल कोरडी तापते आणि घशाला झोंबणारा करपट झुरका येतो. द्रवातले प्रॉपिलिन ग्लायकोल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. जोवर कापूस ओला आहे तोवर हे उकळणेच तापमानाला आवर घालते. तो सुकला की आवर संपतो, आणि अति तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे घातक पदार्थ निघतात. करपट चव लागताच थांबायचे ते यासाठी. उलट, कापूस कमी पडला तर खाचा उघड्या राहतात आणि टँक गळतो.

गळतीचे दुसरे कारण हवेच्या दाबात असते. द्रव खाली उतरतो तसा वरच्या रिकाम्या जागेतला दाब कमी होतो आणि तोच उरलेल्या द्रवाला धरून ठेवतो. झाकण उघडताच दाब सुटतो, द्रव कापसातून खाली धावतो. म्हणून भरताना हवेची कडी बंद ठेवावी, आणि झाकण लावून टँक क्षणभर उलटा धरून मगच ती उघडावी.

मॉड कोणता, यावर मात्र तडजोड नको. नवशिक्याने शॉर्ट सर्किट ओळखून आपोआप बंद होणारा इलेक्ट्रॉनिक मॉडच वापरावा. ज्यात सर्किटच नाही, नुसती धातूची नळी आणि बटण आहे, असे 'मेकॅनिकल मॉड' जाणकारांच्या हातातही धोक्याचे. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेपचा स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. सुटा सेल किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात टाकू नये, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. वरचे वेष्टन फाटले असेल तर तो बाद समजावा. निकोटिनचा द्रव लहान मुलांसाठी विषारी असतो, त्यामुळे बाटली कुलपात गेलेली बरी.

पुढची देखभाल फारशी नाही. चव मंदावली, कापूस तपकिरी झाला की तो चिमट्याने ओढून काढावा, कोरडी कॉईल कमी वॅटवर हलकेच तापवून काजळी सुटी करावी, गार झाल्यावर पाण्याखाली ब्रशने घासावी आणि नवा कापूस ओवावा. गोड द्रवांत काजळी लवकर धरते. एक कॉईल असे अनेक कापूस पाहते. तार काळवंडून रोध सरकू लागला की ती बदलायची. रबराच्या ओ-रिंग सैल पडतात, त्या बहुधा टँकच्या डबीतच जादा दिलेल्या असतात. टाकीची भिंत काचेची असावी, प्लॅस्टिकची नको. लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या स्वादांनी काही प्लॅस्टिकला तडे जातात. काच पडली की फुटते, पण सुटी काच मिळते, म्हणून टँक घेतानाच एक जास्तीची घेऊन ठेवावी.