कार्डावर आधी काम, मग नाव

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावांतून आपल्या समाजातील तरुण मोटार रिवायंडिंग, वेल्डिंग, मंडप, टेलरिंग अशा धंद्यांत उतरत आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र धंदा सुरू होताच हौसेने छापलेले व्हिजिटिंग कार्ड हातात पडले की प्रश्न पडतो, हे कार्ड आहे की लग्नपत्रिका? वर महापुरुषांचे फोटो, मध्ये सोनेरी वेलबुट्टीत मालकाचे नाव, त्याखाली त्याची दोन-तीन पदे आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत मोबाइल नंबर. मालक काम काय करतो, हे शोधूनच काढावे लागते.

कार्ड मालकासाठी नसते. ऐन पाणी द्यायच्या वेळी ज्याची विहिरीवरची मोटार जळाली, त्या शेतकऱ्यासाठी ते असते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात : काय दुरुस्त होते, दुकान कुठे आहे, फोन कोणता. म्हणून सर्वांत मोठी अक्षरे 'पाण्याची मोटार रिवायंडिंग व दुरुस्ती' यांची असावीत. मालकाचे नाव त्याखाली. परळीच्या किंवा माजलगावच्या गिऱ्हाइकाला दिंद्रुडमधील गल्ली ठाऊक नसते, तेव्हा दुकान कशासमोर आहे तेही लिहावे.

बाबासाहेबांच्या फोटोबद्दल काही बांधवांना माझे म्हणणे रुचणार नाही. कार्ड घामेजल्या खिशात चुरगळते, त्याच्या पाठीवर हिशेब लिहिला जातो, शेवटी ते पायदळी पडते. फोटो दुकानात, समोरच्या भिंतीवर सन्मानाने लावावा. कार्डावर 'जय भीम' हे दोन शब्द पुरेसे आहेत.

खरी अडचण आडनावाची आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. हा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. पण सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास काय सांगतो? खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. तेव्हा आडनाव वगळून नुसते 'साई इलेक्ट्रिकल्स' छापणाऱ्या तरुणाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही माझे मत असे की नाव पूर्ण छापावे. गावात जात कोणापासून लपते? आणि बाहेरचे गिऱ्हाईक काम पाहून एकदा टिकले, तर ते आपल्या नावानिशी टिकलेले बरे.

याच आडनावाचा कायदेशीर उपयोगही आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. ती मोफत होते. एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणी क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापावा. वस्तीतल्या वस्तीत वाटण्यापेक्षा बँका, रेल्वे आणि सरकारी कार्यालयांत कार्ड नेऊन द्यावे. आणि आपल्या माणसाचे कार्ड टेबलाच्या खणात ठेवून मोटार दुसरीकडे नेणाऱ्या आपल्या नोकरदारांनीही जरा विचार करावा.

१९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. कार्ड छापायला कोणत्याही संपादकाची मेहेरबानी लागत नाही.

छपाईचे थोडे. साडेतीन इंच बाय दोन इंच हा रुळलेला आकार सोडू नये, वेगळा आकार पाकिटात मावत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर पेन चालत नाही, म्हणून मागची बाजू साधी ठेवावी. गडद रंगावर बारीक मराठी अक्षरे नकोत. वेलांट्या आणि रफार भरून जातात. डीटीपीवाल्याच्या संगणकावर फॉन्ट बदलला की जोडाक्षरे फुटतात, त्यामुळे प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर न पाहता कागदावर मागावे. आणि हजार प्रती सोडण्यापूर्वी प्रूफवरचा नंबर दुसऱ्याच्या फोनवरून एकदा लावून पाहावा.