चार पोस्टकार्डांवर चालणारी गाडी

पालक जमले की गाडीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. हवा किती ठेवावी, नायट्रोजन भरावा का, नवे टायर पुढे घालावेत की मागे, घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचते का, असे नेहमीचे प्रश्न असतात. प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते आणि प्रत्येकाला ते कोणा ना कोणा जाणकाराने सांगितलेले असते. यांतील बहुतेक प्रश्न आपले नववी-दहावीचे विद्यार्थी वहीपेन्सिल घेऊन सोडवू शकतील. गणपतीच्या दिवसांत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात किंवा आंबोली घाटाने कोकणात मामाकडे, आत्याकडे जातात. दिवस पावसाचे, रस्ता वळणांचा आणि मागच्या सीटवर मुले. म्हणून या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट समजून घेणे बरे.

आधी एक गणित

एका लहान मोटारीचे वजन माणसे आणि सामान धरून १२०० किलो आहे असे समजू. प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येईल. टायरमध्ये ३३ पौंड हवा आहे. आपण ‘पौंड’ म्हणतो तेव्हा अर्थ असतो ‘दर चौरस इंचावर इतके पौंड दाब’. मेट्रिक मापात ३३ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. आता ३०० ला २.३ ने भागा. उत्तर येते सुमारे १३० चौरस सेंटिमीटर.

आपल्या टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. टायर जमिनीला साधारण तेवढ्याच जागेवर टेकतो. सगळी गाडी, तिच्यातली माणसे आणि सामान अशा चार पोस्टकार्डांवर धावत असते. वळणे, थांबणे, वेग घेणे ही सारी कामे एवढ्याच जागेतल्या घर्षणावर होतात. पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधताना ही चार पोस्टकार्डे डोळ्यांसमोर ठेवावीत.

हवा किती भरावी?

उत्तर गाडीवरच लिहिलेले असते. चालकाचा दरवाजा उघडला की दाराच्या चौकटीवर, तर काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांसाठीचे आकडे दिलेले असतात. पुष्कळ गाड्यांत दोन माणसे असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा असे वेगवेगळे आकडे असतात. गणपतीला पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाहायचा.

टायरच्या बाजूवरही दाबाचा एक आकडा कोरलेला आढळतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असल्यावर किंवा पंप अगदी जवळ असेल तर. लांबून गेलात तर टायर तापलेला असतो आणि दाब जास्त दिसतो. तो पाहून हवा काढून टाकली, तर टायर गार झाल्यावर हवा कमी पडते. दाब मोजण्याचे छोटे मापक स्वस्तात मिळते. ते घरी असले की हा घोळ होत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

‘ऊन फार आहे, हवा वाढून टायर फुटेल, दोन-चार पौंड कमी ठेवा’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. हवेचे तापमान १० अंशांनी वाढले तर टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. एवढी वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो.

धोका नेमका उलट बाजूला आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार सारखी वाकवत राहिलो की ती गरम होते, तसेच हे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीचे चाक मिनिटाला सातशेच्या वर फेरे घेते. या वाकण्याने आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, हायवेवर कमी हवा ठेवणे म्हणूनच सर्वांत वाईट.

मग पावसात तरी हवा कमी ठेवावी का?

‘हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते’ असे यामागचे म्हणणे असते. कोरड्या वाळूत किंवा चिखलात अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरते ते खरे आहे. पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर ते घातक ठरते.

टायरच्या खाचा या पाणी बाजूला ढकलण्यासाठी असतात. वेग वाढला की पाणी बाजूला सरायला वेळ मिळत नाही. टायरसमोर पाण्याची पाचर तयार होते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढते. मग स्टिअरिंग हलके लागते, ब्रेक दाबला तरी उपयोग होत नाही. पोस्टकार्ड रस्त्याला टेकलेलेच नसते. अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ साली यासाठी एक सूत्र मांडले. आपल्या मापांत ते असे : टायरमधल्या दाबाचे (पौंडांत) वर्गमूळ काढा आणि त्याला १६.७ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा ताशी किलोमीटरमधला वेग.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६ आणि वेग सुमारे १००. दाब २५ पौंडांवर आला तर वर्गमूळ ५ आणि वेग सुमारे ८३. मोटारीच्या टायरला हे सूत्र ढोबळमानानेच लागू पडते. टायर झिजलेला असेल आणि पाणी खोल असेल तर धोका याहून कितीतरी कमी वेगात सुरू होतो. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की तरंगण्याचा धोका लवकर येतो.

अशी वेळ आलीच तर जोरात ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून स्टिअरिंग सरळ धरावे. वेग उतरला की चाक पुन्हा रस्त्याला टेकते.

टायर कधी बदलावा?

खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून या पट्ट्यांच्या पातळीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. मोटारीसाठी कायद्याने ठरवलेली ही शेवटची मर्यादा आहे. घाटातल्या पावसासाठी तिथपर्यंत थांबू नये. खाच ३ मिलिमीटरच्या आत आली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावा.

वयही पाहावे. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारे होते, कडक होते, बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी टायर ठेवू नये, असे टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सांगतात. ‘गाडी फक्त रविवारी काढतो, टायर अजून नवेच आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे अवश्य वाचावेत. डिकीतली स्टेपनीही याच नियमात येते.

दोनच नवे टायर घेतले तर पुढे की मागे?

पुष्कळ जण पुढे घालतात, कारण बहुतेक लहान गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असते. योग्य जागा मागची आहे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी वळणाच्या बाहेर सरकू लागते. चालकाला ते जाणवते आणि वेग कमी केला की गाडी बहुधा सावरते. मागची चाके घसरली तर गाडी जागच्या जागी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून चांगली पकड मागे हवी.

नायट्रोजन भरावा का?

आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून किंचित हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. पण तो भरला म्हणून महिनोन्‌महिने दाब तपासला नाही तर तोटाच जास्त. वाटेत नायट्रोजन मिळाला नाही तर साधी हवा भरण्यास काही हरकत नाही.

जाता जाता भूगोलाचा एक मुद्दा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे तंतोतंत ३३ पौंड भरून पणजीला उतरलात आणि टायर गार झाल्यावर तपासलेत, तर मापक सव्वा पौंडाच्या आसपास कमी दाखवील. हवा कुठे गळलेली नसते. मापक आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवते आणि समुद्रकाठी बाहेरचा दाब जास्त असतो.

घाट उतरताना न्यूट्रल?

कधीही नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजिनचा इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. म्हणजे बचतीचा हिशेबही उलटा आहे. त्यात सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि त्यांचा जोर कमी होतो. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतच थांबते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे.

किती अंतर ठेवावे?

समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घर्षणांक कोरड्या रस्त्यावर ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरून हिशेब केला तर उत्तरे अशी येतात :

ताशी ४० किलोमीटर : कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटर, ओल्या रस्त्यावर २७ मीटर.
ताशी ८० किलोमीटर : कोरड्या रस्त्यावर सुमारे ५८ मीटर, ओल्या रस्त्यावर ८५ मीटर.

वेग दुप्पट झाला, पण ओल्या रस्त्यावरचे अंतर तिपटीहून जास्त झाले. टायर गुळगुळीत असेल तर याहूनही जास्त लागेल. समोरची गाडी एखादे झाड ओलांडून गेली की मनात सेकंद मोजावेत. आपण त्या झाडापाशी कोरड्यात निदान दोन आणि पावसात चार सेकंदांनी पोहोचलो पाहिजे.

आणि मागच्या सीटवरची मुले

टायर गाडीला रस्त्याशी धरून ठेवतात, पट्टा मुलांना गाडीशी धरून ठेवतो. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे सुरक्षा आसन न वापरता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम विसरली तरी चालेल. मांडीवर घेतलेले मूल अचानक ब्रेक लागल्यावर हातांनी धरून ठेवता येत नाही, एवढे लक्षात असावे.

रविवारचे काम

विद्यार्थी मित्रहो, येत्या रविवारी सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी वही घेऊन घरच्यांबरोबर गाडीभोवती एक फेरी मारा. दारावरच्या स्टिकरचा आकडा, पाचही टायरांचा दाब, त्यांच्या जन्माचे चार आकडे आणि पट्टीने मोजलेली खाचांची खोली लिहून काढा. घरी मोटार नसेल तर स्कूटरची किंवा शेजारच्या काकांच्या गाडीची नोंद घ्या.

तुम्ही ज्या रिक्षाने किंवा व्हॅनने शाळेत येता तिची नोंद चालककाकांना विचारून, त्यांच्या देखत करावी. दिवसाला सर्वांत जास्त मुले तीच चार-दोन पोस्टकार्डे वाहून नेतात. विश्वस्तांनी आणि पालकांनी मिळून दर जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर अशी दोनदा या वाहनांच्या टायरांची तपासणी ठेवली, तर एका सकाळचे काम आहे. एखाद्या चालकाला नव्या टायरांचा खर्च एकदम झेपत नसेल, तर तो कसा भागवायचा याचाही विचार त्याच बैठकीत व्हावा. गुळगुळीत टायर कोणी हौसेने वापरत नाही.