आघाताचा वेग आणि धातूची स्मृती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत बिडाचे ओतकाम मोठ्या प्रमाणावर चालते. बिडाचा भाग संथ दाब उत्तम सोसतो. परंतु घणाचा घाव बसताच तडकतो, हे तेथील कारागिरांना सांगावे लागत नाही. बिडातील ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते व भेग त्यांच्या कडेने धावते. रसात मॅग्नेशियम मिसळले की तेच ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपाने गोठते आणि ओतीव भाग चिवट होतो. आघात सोसण्याची शक्ती धातूच्या अंतर्रचनेवर अवलंबून असते, याचे हे घरचेच उदाहरण होय.

आकार न विसरणारा धातू

अंतर्रचनेचा याहून विलक्षण प्रभाव आकार-स्मृती मिश्रधातूंत आढळतो. त्यांपैकी प्रमुख 'निटिनॉल' होय. निकेल व टायटॅनियम यांचे अणू त्यात जवळजवळ समप्रमाणात असतात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास त्याचा अभ्यास आरंभिला. या धातूची योग्य प्रकारे तयार केलेली शंभर मिलिमीटरची तार सुमारे आठ मिलिमीटर ताणली तरी सोडताच पूर्ववत होते. साध्या पोलादाची तार एक मिलिमीटर ताणली तरी सहसा कायमची लांबते. दात सरळ करण्यासाठी दंतवैद्य निटिनॉलची तार वापरतात, ती याच गुणामुळे. ताण पडला की या धातूतील स्फटिकांची मांडणी बदलते व ताण जाताच मूळ मांडणी परत येते.

वेग वाढला की काय होते?

मांडणी बदलताना उष्णता बाहेर पडते. ताण सावकाश असल्यास ती निघून जाते. आघात वेगवान असल्यास तिला वाव मिळत नाही. सायकलचा पंप भराभर मारल्यास नळी तापते, तसा धातू तापतो. तापलेल्या धातूची मांडणी बदलण्यास अधिक जोर लागतो, म्हणून तो अधिक ताठ भासतो. वेग फारच वाढला, तर मांडणीतील बदल मागे पडतो, अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि कायमचा पोचा राहतो.

ही परीक्षा हॉपकिन्सन दंडाच्या साहाय्याने घेतात. दोन लांब दंडांमध्ये नमुना ठेवून एका टोकावर आघात करतात व दंडांतून धावणाऱ्या लहरी मोजतात. सारा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो.

व्यवहारातील बोध

इटलीतील असिसी येथील प्राचीन चर्चची १९९७ च्या भूकंपानंतर दुरुस्ती करताना भिंत व छप्पर जोडणाऱ्या साधनांत हा धातू वापरण्यात आला. १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या प्रदेशाला त्याचे महत्त्व सहज पटेल. मात्र भूकंपाचा हेलकावा, घणाचा घाव आणि बंदुकीची गोळी यांचे वेग निरनिराळे असतात. संथ परीक्षेत उत्तीर्ण झालेला धातू वेगवान आघातातही टिकेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. साहित्य किती भार सोसते, याबरोबरच तो भार किती वेगाने येणार, हेही खरेदीपूर्वी विचारणे अगत्याचे आहे.